आतला शंकू

"गेला!" मुलगी ओरडली.

वळणाच्या आतल्या बाजूचा लाल शंकू पुन्हा आडवा झाला होता. मोटारसायकल भलतीकडेच तोंड करून थांबली होती आणि बाबा एका पायावर तिला कसंबसं सावरत होते. पडले नाहीत एवढंच. त्यांनी हेल्मेटची काच वर केली आणि शंकूकडे असं पाहिलं, की जणू तोच मध्ये कडमडला होता.

"बाबा, पुरे झालं आता. ठरलंय ना आपलं?"

ठरलं होतं खरं. मुलगी हाडांच्या वॉर्डात नर्स. मोटारसायकलवरून पडलेलं कोणी ना कोणी रोज तिच्यासमोर यायचंच, त्यामुळे दुचाकी म्हटलं की तिला आधी प्लास्टर दिसायचं. लहानपणानंतर ती स्वतः कधी गाडीवर बसली नव्हती. आई गेल्यावर बाबांनी वर्षभर गाडी झाकून ठेवली. मग एका सकाळी बाहेर काढली आणि कोपऱ्यावर वळताना थेट फुटपाथवर चढवली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. तेव्हा बोली झाली. गाडी शिकवणाऱ्या बाईंसमोर एक फेरी नीट मारून दाखवायची. नाही जमली, तर संध्याकाळी गिऱ्हाईक येऊन गाडी घेऊन जाणार. गिऱ्हाईकही हिने शोधून ठेवलेलं. कामाला पक्की!

बाबांचा मात्र जीव त्या गाडीत अडकलेला. जन्मभर त्यांनी शिवणयंत्रं दुरुस्त केली. दुकान घराखालीच, जिना उतरला की काम सुरू. त्यामुळे गाडी निघायची ती सुट्टीच्या दिवशी, नवराबायकोच्या भटकंतीला. हमरस्ता त्यांना मुळीच आवडायचा नाही. "सरळ काय, कोणीही जातं," म्हणायचे. त्यांना डोंगराकडचा वळणावळणांचा रस्ता हवा असायचा. वळण यायच्या आधीच वेग उतरवायचा, रस्ता जिथे बाहेर पडतो तिथे नजर लावायची, गाडी अलगद कलती करायची आणि मग हळूहळू रेस देत बाहेर पडायचं. त्या वेळी पोटात असं काही हलकं व्हायचं, की साठी उलटल्यावरही ते हेल्मेटच्या आत खुदकन हसायचे. दुसरं कसलं व्यसन नव्हतं बिचाऱ्यांना.

आणि आता हे. बंद गोदामासमोरच्या पटांगणात, प्लास्टिकच्या शंकूंमध्ये, मान खाली घालून उभं राहायचं.

"वय झालं असेल हो माझं," ते म्हणाले. बोलताना आवाज बारीक झाला. पण मुलीने मन घट्ट केलं.

शिकवणाऱ्या बाई शंकू उभा करून आल्या. "वय कसलं, काका? वेग बरोबर, नजर बरोबर, ब्रेकही जागच्या जागी. फक्त वळलात की गाडी उगाच जास्त आत दाबता. जाम झालेलं दार ढकलावं तशी. मागून कोणी बाहेर ओढत असेल तर एवढा जोर लागेल. एकट्याला कशाला हवा?"

"मला काय माहीत? मी आपली नेहमीसारखी चालवतोय."

बाईंनी जरा विचार केला. मग त्या मुलीकडे वळल्या. "ताई, तुम्ही बसा मागे."

"मी? अहो, मला भीती वाटते!"

"मग तर बसाच."

जादाचं हेल्मेट डोक्यावर चढवून मुलगी बसली आणि बाबांचं जाकीट तिने दोन्ही मुठींत आवळलं. गाडी हलली, तसे तिला वॉर्डातले सगळे पेशंट खाटांसकट आठवले.

पहिलं वळण आलं. गाडी कलली. जमीन वर येतेय असं वाटून मुलीचं अंग आपोआप दुसऱ्या बाजूला गेलं, वळणाच्या अगदी बाहेर. झालं, आता काही खरं नाही, असं ती धरूनच चालली. पण कुठलं काय! गाडी शंकूला बेताचा वळसा घालून सुरेख बाहेर पडली. कुठे हिसका नाही, कुठे धडपड नाही. शंकू होता तिथेच उभा. बाबांचे इतका वेळ आखडलेले खांदे सैल पडले, ते तिला मुठींतही कळलं.

दुसऱ्या वळणावर ती पुन्हा तशीच बाहेर झुकली. गाडी पुन्हा तशीच सुरेख गेली. आणि बाबा समोरची नजर न काढता, चांगले तोंड भरून खेकसले,

"अगं, सरळ बस की गं! बाहेर काय झुकतेस? लग्न झाल्यापासून सांगतोय तुला!"

मग त्यांच्या हातून रेस एकदम सुटली. गाडी मंदावली. पलीकडे शिकवणाऱ्या बाई हात हलवून काहीतरी विचारत होत्या, बहुतेक थांबताय का म्हणून.

"थांबू नका, बाबा," मुलगी म्हणाली.

पुढचं वळण आलं. या वेळी तिला अजिबात भीती वाटली नाही. तरीही ती बाहेर झुकली.