वेलीची नक्कल

दातांच्या डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत तिला स्वतःचा पडदा दिसला, तेव्हा तिचा अर्धा जबडा बधिर होता.

स्वतःचा म्हणजे तिच्या नक्षीचा. निळसर हिरवी, तिरकी चढत जाणारी वेल आणि पानांआड दडलेले पक्षी. इतकी वर्षं लोकांची घरं सजवून झाल्यावर तिने स्वतःच्या नावाने कापड आणि भिंतींचे कागद काढायचं ठरवलं होतं. त्या मालेतली ही पहिली नक्षी. पुढच्या महिन्यात ती बाजारात यायची होती.

आणि इथे ती आधीच लटकत होती. खालची शिवणसुद्धा वाकडी.

"हा फडदा कुथून आणला?" तिने काउंटरवरच्या मुलीला विचारलं.

"छान आहे ना?" मुलगी खुलली. "बाजारात कोपऱ्यावरचं दुकान आहे बघा, तिथून. तीन घेतले की एक फुकट."

इंजेक्शनपेक्षा तो शेवटचा शब्द जास्त लागला.

*

"रागावर केस उभी राहत नाही, बाई," वकील मैत्रीण फोनवर म्हणाली. "वेल काय, कुणीही काढतं. तो छापणारा सरळ म्हणेल, मलाही सुचली. पुरावा दे."

"फुरावा आहे."

"काय आहे?"

"पु-रा-वा."

तो असा. प्रत्येक नक्षीत ती मुद्दाम एक चूक सोडायची. कुणालाही न सांगता. या वेलीवर शेपटी उभारलेला एक पक्षी होता. त्याच्या शेपटीखालच्या पानाचा देठ वेलीला टेकतच नव्हता. केसभर अंतर. पान नुसतं हवेत. पडदा म्हणून बघणाऱ्याला ते कधीच कळलं नसतं. पण डोळे मिटून उतरवणारा सगळं उतरवतो. चूकसुद्धा.

"हुशार आहेस," मैत्रीण म्हणाली. "ते तरंगतं पान त्याच्या कापडावर सापडलं, की त्याला पळायला जागा नाही. जा, घेऊन ये. आणि दुकानात भांडू नकोस. आधी कापड, मग तोंड."

"तोंड अजून अर्धंच चालतंय."

"तेवढंही पुरेसं असतं तुझं."

*

आई जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला शिवणयंत्र घेऊन बसली होती. उशांचे अभ्रे. तिचे अभ्रे कधी संपत नसत.

दुसऱ्या टोकाला लेकीने पिशवी आपटली.

"घेतलंस विकत? आपलंच?" आईने मान वर न करता विचारलं.

"आपलंच. पावतीसकट."

"आता कोर्टात उभं राहावं लागेल तुला."

"राहीन. आई, हे पुढच्या महिन्यात भिंतीवर लावायला कोण येणार आहे? दातांच्या डॉक्टरकडचा पडदा म्हणतील. सगळी माला याच वेलीवर उभी आहे. ही गेली की मी परत लोकांच्या सोफ्यांचे रंग ठरवत बसायचं."

यंत्र खडखडत राहिलं.

"कुणी नेली असेल, तेच कळत नाही," ती म्हणाली. "छापणारे जुने. ऑफिसातल्या दोघी विश्वासाच्या. उरलो तू, मी आणि उंदीर."

"उंदराला काय, कापड लागतंच."

ती हसली. अर्धीच. ऑफिस तिने आणि धाकट्या भावाने मिळून काढलं होतं. एक दिवस गिऱ्हाइकासमोरच दोघांचं कडाक्याचं वाजलं आणि तो पिशवी उचलून गेला. त्याची खुर्ची आता नमुन्यांच्या गठ्ठ्यांखाली होती. तो कुठे असतो, काय करतो, तिने विचारलं नाही. घरात त्याचं नाव निघालं की आईला हमखास कुकर बंद करायचा असायचा.

"आणि त्यांना काय होतं गं?" आईने विचारलं. "आत टाकतात?"

"टाकायलाच हवं."

"पोटासाठी करतात बिचारे."

"तू नक्की कुणाच्या बाजूने आहेस?"

"मी कशाला कुणाची बाजू घेऊ? दिवा लाव. डोळे फोडशील."

तिने दिवा लावला. कापड टेबलभर पसरलं, सुरकुत्या हाताने सारल्या. फोन स्पीकरवर टाकला आणि भिंग काढलं.

रंग थोडा भडक होता. कापड हलकं होतं. पण हात ओळखीचा वाटावा इतकी वेल तीच होती. तेच वळण, तीच लपलेली चोच. तिचा राग क्षणभर बाजूला सरकला. नक्कल करणाऱ्याने घाई केली नव्हती. पानापानापाशी थांबला होता तो.

पक्षी सापडला. शेपटी. शेपटीखालचं पान.

तिने भिंग पुसलं आणि पुन्हा टेकवलं.

मग पुढची वेल बघितली. तिच्या पुढची. कापड ओढत ओढत टोकापर्यंत.

"मिळालं का?" फोनमधून मैत्रीण म्हणाली.

"देठ जोडलाय."

"म्हणजे?"

"पान वेलीला जोडलंय. सगळीकडे. नुसतं चिकटवलेलं नाही. छान बाक देऊन जोडलंय. माझ्यापेक्षा चांगलं."

"म्हणजे चूक नाहीच?"

"नाही."

पलीकडे मैत्रिणीने सुस्कारा सोडला. "मग आपल्या हातात काहीच नाही गं. सोड आता. दुसरी नक्षी काढ."

तिने फोन ठेवला. भिंग तसंच हातात होतं.

"उतरवणारा असं कधी करत नाही," ती स्वतःशीच म्हणाली. "दुसऱ्याचं काम सुधारत कोण बसतं?"

यंत्र थांबलं होतं. कधी थांबलं, तिला कळलं नाही. आईने चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत घातलाच नाही.

"मी बजावलं होतं त्याला," आई म्हणाली. "ताईचं आहे तसंच उतरव म्हणून. पण चूक दिसली की त्याचा हात ऐकतो का कुणाचं!"