रजेचं कारण

जंगलातल्या पोलीस छावणीत रजेचा प्रत्येक अर्ज हवालदार परबांच्या टेबलावरून पुढे जाई. कुणाची आजी कितव्यांदा वारली, हे त्यांना तोंडपाठ होतं. हा अर्ज मात्र त्यांनी तीनदा वाचला.

“नॉस्टॅल्जिया? आवताडे, आज्या संपल्या वाटतं तुझ्या!”

“खरा आजार होता साहेब, कॉलेजात शिकलोय. ‘घरी परतणं’ आणि ‘वेदना’ हे ग्रीक शब्द जोडून एका स्विस डॉक्टरनं तीनशे वर्षांपूर्वी हे नाव ठेवलं. मुलुख सोडून लांब गेलेल्या शिपायांना व्हायचा.”

“लक्षणं काय?”

“अन्न गोड लागत नाही, झोप येत नाही, एका जागी बसवत नाही.”

टेबलाखाली मघापासून नाचणारा परबांचा पाय थबकला. “आणि औषध?”

“घरी पाठवायचं.”

परब खो खो हसले. आठ दिवसांची शिफारस लिहून त्यांनी शिक्का मारला.

आवताडे दारापर्यंत पोचला, तेवढ्यात त्यांनी खणातून कोरा फॉर्म काढून त्यावर स्वतःचं नाव घातलं. लोकांच्या रजा मोजता मोजता कुडाळच्या घरचे दोन गणपती हुकले होते. रजेचं कारण आवताडेच्या अर्जावरून उतरवलं. दिवसांच्या रकान्यापाशी पेन अडलं.

“आवताडे, थांब जरा. दुखणं दोन वर्षं जुनं असलं, तर किती दिवस लागतात रे?”