वल्ह्यातला गाळ

१९६१ सालची गोष्ट. दिवाळी नुकतीच सरली होती. झाईच्या किनाऱ्यालगत शाळेच्या ओट्यावर सगळा गाव एका वल्ह्याभोवती जमला होता. वल्हं मोतीरामचं. तो आणि त्याचा धाकटा भाऊ रामू होडी घेऊन गेले, त्याच रात्री वादळ झालं. गावाने पश्चिमेकडे खूप शोधलं. आज सकाळी गावच्या होड्यांचा म्होरक्या असलेल्या भीमा तांडेलाच्या जाळ्यात नुसतं वल्हं आलं.

वल्हं आलं म्हणजे होडी फुटली, आता शोध थांबवायचा, असं भीमाने सांगितलं. समुद्र अजून खवळलेलाच होता. पण मोतीरामच्या बायकोने, चंद्रावतीने, ते वल्हं उचललं आणि शाळेच्या खोलीत उतरलेल्या फणसेबाईंच्या पायाशी आणून ठेवलं.

फणसेबाई मुंबईच्या कॉलेजातल्या. खाडीखाडीतला गाळ बाटल्यांत भरायच्या, धुवायच्या आणि भिंगाखाली बघायच्या. गाळात डोळ्यांना न दिसणारे शंख असतात, खाडीतले निराळे, भर समुद्रातले निराळे, जमिनीखालच्या जुन्या थरांतले आणखी निराळे. ते ओळखता आले की तेल शोधणाऱ्यांना कुठे खणायचं ते कळतं, असं त्यांनी बायकांना समजावलं होतं. हे तेल मासळी तळायला चालेल का, असं एकीने विचारलं होतं, आणि बाईही हसल्या होत्या.

आज कोणी हसत नव्हतं. वल्ह्याच्या पात्याला लांब चीर होती आणि चिरेत काळा गाळ घट्ट बसला होता. भर समुद्रात बुडलेल्याच्या वल्ह्यात असा गाळ कुठून आला, तेवढं बघून सांगा, असं चंद्रावतीचं म्हणणं होतं.

बाईंनी सुईने गाळ कोरून काढला, बारीक जाळीवर धुतला, स्टोव्हवर पत्र्यावर वाळवला. आजवर त्यांनी पाहिलेल्या शंखांची दारात उभं राहून कोणी वाट पाहत नव्हतं.

मोतीरामची आई देवकी ओट्याच्या कडेला बसली होती. ती भिंगाकडे बघत नव्हती, स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होती. तो गाळ तिनेच भरला होता. नारळी पुनवेच्या पहाटे घरातल्या थोरल्या बाईने आपल्या खाडीतला चिमूटभर गाळ वल्ह्याच्या चिरेत दाबायचा, म्हणजे वल्ह्याला घरची वाट लक्षात राहते. हे कोणी बोलून दाखवायचं नाही. सुनेलाही तिची पाळी आल्यावरच सांगायचं.

खूप वेळाने बाईंनी मान वर केली.

"हा खाडीचाच गाळ. वाळूचे कण चिकटवून बांधलेली ही इवल्या जिवांची घरं तिवरांच्या झाडांखालच्या चिखलातच असतात. कुठली खाडी ते मात्र मला सांगता येणार नाही."

म्हणजे होडी कुठल्या तरी खाडीत शिरली असणार, असं कोणीतरी म्हणालं. उत्तरेकडच्या खाड्या अजून बघितल्याच नव्हत्या. सकाळी शोध थांबवायला सांगणारा भीमाच उठला. त्याने दोन होड्या पाण्यात लोटायला सांगितल्या.

देवकी ओट्याच्या कडेला अजून बसूनच होती. बोलावं, तर आपल्याच पोरांचा शोध इथे संपणार. गप्प बसावं, तर दुसऱ्यांची पोरं या असल्या पाण्यात जाणार, आणि कशासाठी, तर आपल्या अंगठ्याने दाबलेल्या गाळासाठी. होड्या तरंगू लागल्या तशी ती उठली आणि गुडघाभर पाण्यात शिरून तिने भीमाच्या होडीची कड धरली.

"भीमा, थांब. तो गाळ माझ्या हातचा आहे. पुनवेला मीच भरलेला."

भीमा दोर आवळत होता. त्याने मान वर केली नाही.

"ठाऊक आहे, काकी," तो हळूच म्हणाला. "माझ्या वल्ह्यात माझी आई भरते. या सगळ्यांच्या वल्ह्यांत भरलेला आहे."

देवकीने होडीतल्या एकेकाकडे पाहिलं. कोणी तिच्या नजरेला नजर दिली नाही.

"मग निघालास कशाला?"

"निघायला काहीतरी लागतं ना. बाईने दिलं. आता तू ते काढून घेऊ नको. हो बाजूला, पाणी चढतंय."

देवकीने हात सोडला.

उत्तरेकडच्या एकाही खाडीत काही सापडलं नाही. होड्या बाहेरच होत्या आणि मोतीराम व रामू एसटीतून गावात उतरले, अनवाणी, अंगात दुसऱ्याचे सदरे. एका गलबताने त्यांना समुद्रातून उचलून वलसाडकडे उतरवलं होतं.

रामू पुन्हा कधी होडीत बसला नाही. सरावलीला चिकूच्या वाडीत राखणीला राहिला आणि तिथेच त्याने संसार केला. भीमा तांडेल म्हातारा होऊन आपल्या खाटेवर गेला. फणसेबाई पुढे पुण्याला प्राध्यापक झाल्या. थांबलेला शोध शंखांच्या जोरावर कसा पुन्हा सुरू झाला, ते त्या दर वर्षी नव्या मुलांना सांगत. गावाने त्यांना कधी वेगळं काही कळू दिलं नाही. देवकी नातवंडं बघून गेली. चंद्रावतीने पुढची कितीतरी वर्षं तलासरीच्या बाजारात सुकी मासळी विकली.

पण त्या संध्याकाळी, एसटीतून उतरल्यावर, आपल्याला शोधायला कोण कोण गेलंय ते ऐकून मोतीराम घरातही शिरला नाही. तो तसाच किनाऱ्यावर गेला. गेलेल्यांच्या आया आणि बायका पाण्याच्या कडेला उभ्या होत्या. त्याला बघून त्या थोड्या सरकल्या, त्यांनी जागा केली. बायकांच्या रांगेत उभा राहून होडीची वाट बघणारा झाईतला तो पहिला पुरुष.