खंडेनवमीचं खेळणं

गादीखाली नव्हतं. कपाटात नव्हतं. टीव्हीच्या मागे जाळ्यांशिवाय काही नव्हतं. योगेशने उशीचा अभ्रासुद्धा उलटा करून झटकला आणि कपाळाला हात लावून पलंगावर बसला. तळहाताएवढ्या पडद्याचं, दोन्ही बाजूंना बटणं असलेलं त्याचं गेमचं मशीन घरातून नाहीसं झालं होतं.

तेही ऐन वेळी. गुप्तहेराच्या सिनेमांची एक मालिका होती. तिचा नवा भाग दिवाळीत येणार होता आणि त्याच्यासोबत हातात धरून खेळायचा त्यावरचा गेम. पुण्याच्या एका कंपनीसाठी योगेश सातपूरच्या घरात बसून तो गेम तपासत होता. बाजारात जायच्या आधी त्यातल्या चुका पकडायच्या, हीच त्याची नोकरी. तिसऱ्या टप्प्यातल्या एका पहारेकऱ्याला भिंतीआड लपलेला हेर आरपार दिसत होता. हे नेमकं कशाने होतं, ते आज संध्याकाळपर्यंत कंपनीतल्या सरितामॅडमना कळवायचं होतं. हेराला कुलपांमागून कुलपं फोडत तिजोरीपर्यंत नेणाऱ्या या पठ्ठ्याला दोन खोल्यांच्या घरात आपली एक वस्तू सापडत नव्हती.

"आई, माझं मशीन कुठंय?"

"मला काय विचारतो? अण्णांना विचार," कणीक मळता मळता आई म्हणाली. तिने मान काही वर केली नाही.

अण्णा! योगेशच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि पाठोपाठ तिडीक गेली.

अण्णा म्हणजे पुंजाराम, त्याचे वडील. मागच्याच गल्लीत पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची दोन लेथ होती. एकावर ते कंपन्यांचे सुटे भाग कातायचे. दुसरं योगेशसाठी घेतलेलं. त्याचा डिप्लोमा झाला तेव्हापासून ते ताडपत्रीखाली झाकून होतं. योगेशच्या नोकरीला अण्णा नोकरी म्हणत नसत, खेळणं म्हणत. पाहुण्यांनी विचारलं, मुलगा काय करतो, तर सांगत, "खेळतो." घटस्थापनेच्या दिवशी तर त्यांनी निर्वाणीचं बजावलं होतं, "दसऱ्यापर्यंत काय ते ठरव. ते खेळणं, नायतर हे लेथ." योगेशही फटकन बोलून गेला होता, "खेळणं नाही ते, काम आहे माझं! कधी बघितलंय का तुम्ही, मी काय करतो ते?"

त्यानंतर बापलेकांचं बोलणं भाजी वाढण्यापुरतं उरलं होतं. योगेश काम करत असताना अण्णा दोनदा येऊन त्याच्यामागे उभे राहिले होते, तेवढंच. कशाला, ते विचारायची सोय नव्हती.

आणि उद्या दसरा. म्हणजे अण्णांनीच ठरवून टाकलं तर! मशीन भंगारात गेलं नाहीतर गोदावरीत. योगेशने पायात चपला सरकवल्या आणि तरातरा निघाला. आज सोक्षमोक्ष लावायचा. नोकरी गेली तरी लेथला हात लावणार नाही, असं तोंडावर सांगायचं. वाटेत त्याने वाक्यंही मनात घोळवून ठेवली.

गल्लीत सगळ्या शेडची शटरं वर होती, पण खडखडाट कुठेच नव्हता. खंडेनवमी होती. सकाळीच यंत्रांची, हत्यारांची पूजा उरकून अख्खं सातपूर निवांत बसलं होतं. पूजेला मांडलेल्या हत्याराला या गल्लीत दसरा उजाडेपर्यंत कोणी हात लावत नाही. योगेश दरवर्षी पूजेला यायचा. यंदा मुद्दाम आला नव्हता.

शेडमध्ये उदबत्तीचा वास भरला होता. दोन्ही लेथना झेंडूच्या माळा होत्या. पाटावर लाल कापड आणि त्यावर ओळीने अण्णांचा मायक्रोमीटर, नट आवळायचे पाने, हातोडी. ओळीच्या शेवटी दरवर्षी एक व्हर्नियर असायचा. माप तपासायचा, कोरा करकरीत, योगेशच्या नावाने घेतलेला. आज तो नव्हता. त्याच्या जागी योगेशचं मशीन होतं. पडद्यावर हळदीकुंकवाची बोटं आणि बटणाच्या फटीत अडकलेला अक्षतेचा एक दाणा.

घोळवलेलं एकही वाक्य योगेशला आठवेना. सवयीने त्याने हात पुढे केला.

"हां! हात नाय लावायचा," अण्णा स्टुलावरून ओरडले. "उद्या घे. आजच्या दिवस इसावा हाय त्याला."

"अण्णा, मॅडम वाट बघतायत."

"मग सांग त्यांना, मशीन पूजेला बसलंय म्हणून."

योगेशने फोन लावला आणि खरोखर तसंच सांगितलं. पलीकडे सरितामॅडम मोठ्याने हसल्या. त्यांच्या लॅपटॉपवर म्हणे सकाळपासून सासूबाईंनी नारळ ठेवला होता. उद्या दुपारी दिलं तरी चालेल, म्हणाल्या.

"आणि माझा व्हर्नियर?" फोन खिशात टाकत योगेशने विचारलं.

"ठेवलाय पेटीत. त्या लेथवर आता कारागीर लावतो एखादा, त्याला लागंल." अण्णांनी पेढ्यांचा पुडा पुढे केला. "तुझ्या मागं उभं राहून बघितलं मी. मी कातलेल्या जॉबातली चूक धरतो, तू त्या डबीतली धरतो. हाय काय त्यात येवढं?"

योगेशला खूप आनंद झाला. ते बापाला दिसू नये म्हणून तो थट्टेवर आला.

"पण अण्णा, तुम्हीच म्हणता ना, खेळणं आहे ते?"

अण्णांनी मशीनवरचं घसरलेलं फूल उचलून पुन्हा नीट ठेवलं.

"येडा का खुळा रं तू? खेळण्याची कुणी पूजा करतं का?"