तोतया

यंत्रातले दोन प्रोसेसर एकमेकांशी थेट बोलत नसत. पलीकडच्याचं नाव लावून तिने अलीकडे एक छोटा प्रोग्रॅम बसवला होता. तो निरोप ऐकून घेई, गुपचूप पलीकडे धाडी. पाठवणाऱ्याला वाटे, आपलं माणूस इथंच आहे. ऑफिसात त्याला तोतया म्हणत. पलीकडचा प्रोसेसर काढला, की तोतयालाही काढून टाकायचं, हा नियम तिचाच. आज पलीकडचा काढताना तीच विसरली. पलीकडे कुणी नव्हतं, तरी तोतया निरोप घेतच होता, हिरवा दिवा मंद लुकलुकत होता. "राहू दे बिचाऱ्याला," ती पुटपुटली. घरी खिडकीतल्या उन्हात आई पेंगत होती. "ताई, आलीस?" ताई म्हणजे मावशी; तिला जाऊन वर्षं लोटली होती. "आले गं." आईने तिचा हात गालाशी धरला. "माझ्या लेकीला सांगशील? नाव सापडत नाही तिचं. पण ती आली, की घर भरतं." "पोचवते," तोतया म्हणाली.