मामांच्या गावचा फोन

या, जरा जवळ सरका. अभंगाआधी एक गोष्ट सांगतो. आमच्या गल्लीतल्या कंत्राटी वेल्डरने नोकरीच्या साइटवर अर्ज भरला. तिथे बायोडाटा मागितला, तर भल्या माणसाने लग्नासाठी केलेलाच चढवला! कुलदैवत, मामांचं गाव, राहता पत्ता, ‘वडील हयात नाहीत, घरी फक्त आई’, सगळं त्यात आलं.

तिसऱ्या दिवशी फोन. “काय भाचेबुवा! मी तुमच्या मामांच्या गावचा, इथे कंपनीत असतो. आधारचा फोटो धाडा, आलेला ओटीपी सांगा, काम तुमचंच.”

आजोळच्या माणसाला नाही कसं म्हणावं? त्याने सगळं दिलं.

संध्याकाळी तोच आवाज म्हणाला, “तुमच्या नावावर आम्ही सिमकार्डं काढलीत, भाचेबुवा. कशासाठी, ते विचारायचं नाही. पोलिसांत जाऊ नका. तुम्ही कामावर गेलात की आई एकट्याच असतात ना?”

तेव्हापासून तो कामावर गेलेला नाही. दार वाजलं की आईच्या तोंडावर हात ठेवतो. “अरे, दूधवाला असेल,” ती बोटांआडून पुटपुटते.

देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या माउलीची आठवण ठेवा. नाव मात्र मोठ्याने घेऊ नका.