स्वॅपपुरती जागा

वाक्याच्या मध्येच कॉम्प्युटर बोलायचा थांबला.

जयवंतरावांनी बाणाची कळ दाबली. काही नाही. पुन्हा दाबली. आतली डिस्क तेवढी घरघरत होती. त्यांना जन्मापासून दिसत नव्हतं. स्क्रीनवर जे असेल ते कॉम्प्युटर वाचून दाखवी, आणि तेवढंच त्यांना कळे. आता सकाळपासून लिहिलेलं, नोकरीतले जुने सोबती पिलाजीराव यांच्यावरचं भाषण त्याच्या आत कुठेतरी अडकलं होतं, सेव्ह न केलेलं. संध्याकाळी नागरवाड्यात त्यांची शोकसभा होती. पिलाजीरावांच्या पत्नीने, रखमावहिनींनी, स्वतः फोन केला होता. "भावजी, दुसरं कोणी नको. तुम्हीच बोला."

मुलाला, नीलला, विचारलं असतं तर तो म्हणाला असता, हे धूड टाकून द्या, नवीन घेऊ. जयवंतरावांनी सुनेला ऑफिसात फोन लावला.

"बंद नका करू हं, बाबा," स्नेहल म्हणाली. "काहीच दाबू नका. मी व्हिडिओवर येते. फोन स्क्रीनसमोर ठेवा. जरा वर. बस, बराबर."

त्यांनी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवला.

"लिहिलेलं दिसतंय मला. सगळं जागच्या जागी आहे," ती म्हणाली. "मेमरी भरलीय फक्त. रेडिओ, पेपर, हे लिखाण, सगळं एकदम उघडंय ने, त्यात वाचून दाखवणाराच बंद पडला."

"मग रेडिओ बंद करू?"

"नको, चुकून लिखाणच बंद व्हायचं. डिस्कवर भरपूर जागा आहे. त्यातली थोडी मेमरीच्या मदतीला देऊ, तिला स्वॅप म्हणतात. आत्ता न लागणारं सामान तिकडे जाईल. जरा हळू चालेल, पण अडणार नाही. मी अक्षरं सांगते, तुम्ही टाइप करा."

ती सांगत गेली, ते टाइप करत गेले. बोटांखाली कळा वाजत होत्या, पण एकही अक्षर उलट बोलत नव्हतं. अंधारात चालायची त्यांना सवय होती. असं आवाजाशिवाय चालायची नव्हती.

"आता तुमचा पासवर्ड."

त्यांनी टाकला. "आला का बरोबर?"

"इथे पासवर्ड टाकताना स्क्रीनवर काही उमटतच नाही. मलाही दिसत नाही, बाबा. कोणालाच दिसत नाही."

जयवंतराव सकाळपासून पहिल्यांदा हसले.

तिने घाई केली नाही. एकदा नुसतं म्हणाली, "एक अक्षर मागे." मशीन बराच वेळ गप्प राही, तेव्हा फोनवर तिचा श्वास ऐकू येई. शेवटची ओळ टाकल्यावर डिस्कची घरघर बदलली, मग हळूहळू बसली.

"झालं. आता तुमचा वाचणारा चालू करा."

त्या कळा त्यांना पाठ होत्या. आधी काहीच झालं नाही. मग तो ओळखीचा सपाट आवाज, शब्दाशब्दाला थांबत, बोलू लागला.

"मी रिफायनरीच्या टेलिफोन एक्स्चेंजवर नवा होतो. पिलाजीरावांनी मला कधी हात धरून नेलं नाही. ते शेजारून चालत आणि बोलत राहत. पायरी आली की सांगत."

जयवंतरावांनी आधी ते सेव्ह केलं. मग पुढचं वाचायला लावून खुर्चीत मागे टेकले. फोन चालूच होता. पलीकडे कोणीतरी स्नेहलला हाक मारली, तिने ओ दिली नाही.

त्यांना तिला काहीतरी म्हणायचं होतं.

"जेवलीस का ग?" त्यांनी विचारलं.

"आता जेवते, बाबा. हे एवढं ऐकू द्या."